प्रवास आणि विकासकाम: यावर आयुष्य उभं करायचं तर

प्रश्न थोडक्यात असा: देशोदेशी फिरण्याची मनापासून ओढ आहे, लोकांच्या खरोखर उपयोगी पडेल असं काम करायचं आहे, आणि या दोन्हींचा मेळ आंतरराष्ट्रीय विकासकामात बसेल असं वाटतं. या क्षेत्रात शिरायचं कसं, आणि त्यावर अख्खं आयुष्य उभं राहतं का?

राहतं. मात्र ते फिरण्याच्या आवडीवर उभं राहत नाही, हातातल्या कसबावर राहतं. देश, घर, सहकारी, कानावर पडणारी भाषा हे सगळं दर दोन-तीन वर्षांनी बदलत जाणार. म्हणून जे बदलणार नाही ते आधी बांधावं लागतं: एक पक्कं कसब, पैशांची शिस्त, तब्येत आणि परत येण्याची एक जागा. यातलं कसब सर्वांत महत्त्वाचं, कारण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं.

आधी प्रवासाबद्दल. या कामात देश खूप होतात, भटकंती कमी होते. आठवड्यातले बहुतेक तास राजधानीतल्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात जातात: अंदाजपत्रक, अहवाल, खरेदीची कागदपत्रं, समन्वयाच्या बैठका. फील्डवर जायचं तर आधी सुरक्षा परवानगी, गाडी, ठरलेला रस्ता, आणि ठरलेल्या वेळी रेडिओवर किंवा फोनवर हजेरी. धोकादायक ठिकाणी संध्याकाळनंतर संचारबंदी असते, दिवसासुद्धा निवासाच्या आवाराबाहेर पायी पडायची मुभा नसते. एखाद्या देशात सहा महिने काढूनही तिथला बाजार पायी फिरून पाहिलेला नसतो. रस्त्यांची आणि अनोळखी शहरांची भूक असेल तर ती सुट्टीत भागवावी लागते. एकाच जिल्ह्याच्या पाणीयोजनेत तीन वर्षं डोकं घालून बसायला ज्याला आवडेल, त्याला हे आयुष्य मानवतं.

दुसरं असं, की ‘विकासकाम’ या एका नावाखाली दोन वेगळ्या स्वभावांची कामं येतात. युद्ध, भूकंप, पूर, साथ यांच्या मागोमाग जाणारी मानवतावादी मदत हे एक. तिथे करार बहुधा तीन ते बारा महिन्यांचे, निर्णय काही तासांत घ्यायचे, झोप अपुरी. शाळा, आरोग्यव्यवस्था, शेती, स्थानिक प्रशासन यांवरचं दीर्घ काम हे दुसरं. प्रकल्प तीन ते पाच वर्षांचे, रोजचा संबंध सरकारी खात्यांशी, आणि केलेल्या कामाचं फळ दिसायच्या आतच कधी कधी आपली बदली होऊन जाते. पहिल्यात शिरकाव तुलनेने सोपा, कारण माणसं सतत सोडून जातात. दुसऱ्यात टिकाव सोपा. कुठे जायचं ते स्वतःच्या स्वभावाला विचारून ठरवा. घाईत चांगलं डोकं चालणारी माणसं धोरणाच्या बैठकांत कोमेजतात, आणि खोलात जाऊन विचार करणारी माणसं आणीबाणीत थिजतात.

आता कसब. ‘लोकांसाठी काहीतरी करायचंय’ या भांडवलावर नोकरी मिळत नाही, कारण लोकांसाठी काहीतरी करणारी माणसं प्रत्येक देशात आधीपासून आहेत, आणि त्यांना तिथली भाषाही येते. बाहेरून माणूस आणायचा तर तो असं काही जाणणारा हवा जे तिथे पुरेसं उपलब्ध नाही. मागणी सातत्याने राहिली आहे ती पाणी आणि स्वच्छतेचे अभियंते, सार्वजनिक आरोग्य आणि पोषणाचे जाणकार, परिचारिका, पुरवठासाखळी आणि खरेदी सांभाळणारे, अनुदानाचा हिशेब ठेवणारे, माहिती गोळा करून तिचं विश्लेषण करणारे आणि निर्वासितांच्या कायदेशीर संरक्षणाचं काम जाणणारे यांना. ‘कार्यक्रम समन्वयक’ हे पद ऐकायला छान आहे, पण पाठीशी यातलं एखादं कसब नसेल तर निधी आटला की पहिली कात्री त्याच पदावर चालते.

कसब म्हणजे नेमकं किती खोल जायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. आपत्तीतल्या मदतीचे किमान निकष स्फिअर नावाच्या हस्तपुस्तिकेत दिलेले आहेत; तिची चौथी आवृत्ती २०१८ ची. पाणी माणशी दररोज किमान १५ लिटर, एका नळामागे २५० माणसं, शौचालय सुरुवातीला ५० माणसांमागे एक आणि शक्य तितक्या लवकर २० माणसांमागे एक, डोक्यावर छप्पर माणशी ३.५ चौरस मीटर. आता १०,००० लोकांची छावणी घ्या. रोज १,५०,००० लिटर पाणी, ४० नळ, पहिल्या टप्प्यात २०० शौचालयं, पुढे ५००. हा गुणाकार कुणीही करेल. जाणकार पुढचा प्रश्न विचारतो: नळाला धार किती? २५० माणसांचा आकडा मिनिटाला ७.५ लिटरची धार गृहीत धरतो. २५० माणसांचे ३,७५० लिटर त्या धारेने भरायला ५०० मिनिटं लागतात, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. टाकीची उंची कमी पडली आणि धार निम्मी झाली, तर तेवढ्याच पाण्याला सोळा तास चाळीस मिनिटं लागतील. नळांची संख्या कागदावर बरोबर, आणि तरी बायकामुली अंधार पडल्यावर रांगेत उभ्या. तिथून पाण्याचा प्रश्न सुरक्षिततेचा होतो. शौचालयं बांधून झाल्यावरही तोच प्रकार: आतून कडी नाही, रस्त्यावर दिवा नाही, बायकांची आणि पुरुषांची एकाच रांगेत, म्हणून ती वापरलीच जात नाहीत. निकष पाठ असणारा उमेदवार बराच भेटतो. निकष कुठे फसतो हे सांगणारा विरळा, आणि निवड त्याची होते.

मॉनिटरिंग आणि मूल्यमापनाच्या कामात हीच कथा आकड्यांची. मोबाइलवर भरायची प्रश्नावली कोबो टूलबॉक्स या साधनात बनवणं दोन दिवसांत शिकता येतं. नमुना किती घ्यायचा आणि का, हे कळायला वेळ लागतो. मोठ्या लोकसंख्येसाठी ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरली, तर साध्या यादृच्छिक निवडीत ३८५ कुटुंबं पुरतात. पण प्रत्यक्षात आपण आधी गावं निवडतो आणि मग त्यातली घरं. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून आकडा साधारण दुप्पट करावा लागतो: ७७०. घर बंद असणं, नकार मिळणं यासाठी १० टक्के वाढवले की जवळजवळ ८५०. रोज पाच मुलाखती घेणारे दहा जण असतील तर सतरा दिवस, शिवाय दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि एक दिवस चाचणी. हे गणित निधीच्या अर्जात आधी मांडलं नसेल, तर शेवटी ३८५ वर भागवलं जातं आणि निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे काम सुरू होण्याआधीची मोजणी, म्हणजे बेसलाइन, राहून जाणं. मग प्रकल्पाच्या शेवटी ‘सुधारणा झाली’ असं लिहिण्यापलीकडे काही हाती नसतं. आणि निर्देशक, म्हणजे यश कशावरून मोजायचं ती खूण, निवडताना प्रशिक्षणाला आलेल्यांची संख्या मोजायची, की सहा महिन्यांनी ते शिकलेलं वापरणाऱ्यांची, यावरून माणसाची समज कळते. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेचे मूल्यमापनाचे सहा निकष (समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, शाश्वतता) तोंडपाठ असावेत. यातली सुसंगती २०१९ मध्ये जोडली गेली.

हिशेब हे सर्वांनाच यावं असं कसब आहे, पद कुठलंही असो. बारा महिन्यांचा निधी, सहा महिने उलटले आणि खर्च फक्त २० टक्के, हे दृश्य फार नेहमीचं. कारण बहुतेक वेळा आळस नसतं. निविदा, तपासणी, सीमाशुल्क आणि वाहतूक धरून पंप किंवा औषधं यायला चार-पाच महिने लागणार होते आणि खरेदीचा आराखडा पहिल्याच आठवड्यात केला नव्हता. मग शेवटच्या तिमाहीत घाईने पैसे संपवले जातात, ते लेखापरीक्षणात अडकतात, आणि पुढच्या वर्षी देणगीदार हात आखडता घेतो. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावता येणं, दर महिन्याला खर्चाचा वेग काढणं, एका शीर्षातली रक्कम दुसऱ्यात कधी आणि कुणाच्या परवानगीने हलवता येते हे करारात वाचून ठेवणं, इतकं ज्याला जमतं त्याला कुठलंही कार्यालय सोडायला तयार नसतं.

भाषेबद्दल स्पष्टच सांगायला हवं. इंग्रजी गृहीत धरलं जातं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेसाठी फ्रेंच लागतं, आणि मदतीची गरज तिथे मोठी असूनही फ्रेंच येणारे तांत्रिक लोक कमी पडतात. बी-२ पातळीवर, म्हणजे बैठक चालवता येईल आणि अहवाल लिहिता येईल इतपत पोहोचायला साधारण ५०० ते ६५० तासांचा नेटका अभ्यास लागतो. रोज एक तास धरला तर साधारण सोळा ते एकवीस महिने. अरबी आणि स्पॅनिशलाही तसंच वजन आहे. दुसरी पदव्युत्तर पदवी घेण्यापेक्षा हे तास भाषेत घालणं जास्त फायद्याचं, असं माझं ठाम मत आहे. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंच असेल तर दोन-तीन वर्षं काम करून मग घ्या, आणि विकासअभ्यासासारख्या सर्वसाधारण विषयाऐवजी सार्वजनिक आरोग्य, जल अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, पुरवठा व्यवस्थापन असं काही निवडा.

आता शिरकाव. इथे जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका, कारण जमीनच सरकली आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, आणि १९६१ पासून चालत आलेल्या यूएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेचं काम १ जुलै २०२५ ला थांबून उरलेले कार्यक्रम परराष्ट्र खात्याकडे गेले. ब्रिटनने २०२१ मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली होती. ती २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचं त्यांनी जाहीर केलं आहे. दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेली हजारो माणसं एकाच वेळी नोकरी शोधू लागली. त्याच जोडीला, २०१६ मध्ये इस्तंबूलच्या मानवतावादी शिखर परिषदेत ‘ग्रँड बार्गेन’ नावाच्या कराराने निधीचा २५ टक्के भाग शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांना देण्याचं ठरलं. अंमलबजावणी मागे पडली आहे, पण दिशा तीच आहे: बाहेरून येणाऱ्यांच्या जागा कमी होत जाणार. हे बदल नोकरी शोधणाऱ्याला जाचतात, तरी मदतीच्या दृष्टीने शेवटचा बदल योग्यच आहे.

म्हणून सगळ्यांत भक्कम रस्ता स्वतःच्या देशातून जातो. एखाद्या स्थानिक संस्थेत, किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तुमच्या देशातल्या कार्यालयात राष्ट्रीय कर्मचारी म्हणून तीन ते पाच वर्षं काढा. तिथे प्रकल्प सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताखालून जातो, देणगीदाराचे नियम कळतात, आणि आपत्ती आली की संस्था अनुभवी राष्ट्रीय कर्मचाऱ्यांना दुसऱ्या देशात काही महिन्यांसाठी पाठवते. पहिली आंतरराष्ट्रीय नेमणूक अशीच मिळालेली माणसं पुष्कळ आहेत, आणि ती टिकतात, कारण नव्या देशात गेल्यावर स्थानिक सहकाऱ्याच्या जागी उभं राहून त्यांना विचार करता येतो.

बाकीच्या वाटाही आहेत, प्रत्येकीची अट वेगळी. संयुक्त राष्ट्रसंघाचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून चालतो, मुख्यालय बॉन. १८ ते २६ वयासाठी युवा गट, २७ नंतर अनुभवी तज्ज्ञांचा गट. राहण्याखाण्याचा भत्ता आणि विमा मिळतो. नाव स्वयंसेवकाचं असलं तरी काम पूर्णवेळ कर्मचाऱ्याचं असतं, आणि पहिल्या संधीसाठी मी हाच मार्ग आधी सुचवेन. संयुक्त राष्ट्रसंघ सचिवालयाचा यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम वयाच्या ३२ वर्षांपर्यंत, लेखी परीक्षेतून. पण ज्या देशांचं प्रतिनिधित्व कमी आहे त्यांच्याच नागरिकांना, आणि ही यादी दरवर्षी बदलते. तेव्हा अभ्यासाला लागण्याआधी यादीत आपला देश आहे का ते बघा. ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर या सुरुवातीच्या पदाचा खर्च एखादं देणगीदार सरकार उचलतं, म्हणून जागा बहुधा त्याच देशाच्या नागरिकांना असतात; काही सरकारं विकसनशील देशांतल्या उमेदवारांसाठीही थोड्या राखतात. सचिवालयात विनावेतन इंटर्नशिप करणाऱ्याला ती संपल्यावर सहा महिने प्रोफेशनल श्रेणीच्या पदासाठी अर्ज करता येत नाही. हे माहीत नसल्याने पुढचा बेत फसतो.

संयुक्त राष्ट्रसंघातल्या प्रोफेशनल पदांच्या श्रेणी (पी-२, पी-३ वगैरे) समजून अर्ज करा. पदव्युत्तर पदवीसोबत पी-२ ला साधारण दोन वर्षांचा, पी-३ ला पाच, पी-४ ला सात आणि पी-५ ला दहा वर्षांचा संबंधित अनुभव लागतो. नुसती पदवी असेल तर बहुतेक ठिकाणी दोन वर्षं जास्त. चार वर्षांच्या अनुभवावर पी-४ ला केलेला अर्ज छाननीतच गळतो, तो कुणी वाचतही नाही.

जागा रिलीफवेब या संकेतस्थळावर आणि संस्थांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर येतात. एकच सीव्ही पन्नास ठिकाणी पाठवणं हा वेळेचा अपव्यय आहे. जाहिरातीतली कामाची रूपरेषा, म्हणजे टीओआर, ओळ ओळ वाचा, प्रत्येक अपेक्षेसमोर आपला पुरावा लिहा, आणि सात-आठपैकी दोनपेक्षा जास्त रकाने कोरे राहिले तर तो अर्ज सोडून द्या. वाक्यांत आकडे हवेत. ‘पाणीयोजनेचं काम पाहिलं’ याने काहीच कळत नाही. ‘१२ गावांत ३४ हातपंपांची दुरुस्ती, सहा महिन्यांनी ३१ चालू, स्थानिक समितीकडे सुट्या भागांचा निधी’ याने सगळं कळतं. निवडीत बहुधा एक-दोन तासांची लेखी चाचणी असते: विस्कळित माहिती देऊन दोन पानांची टिपणी मागतात. तिथे सुंदर भाषेपेक्षा पहिल्या परिच्छेदात निर्णय सांगणारा पुढे जातो. मुलाखतीत ‘अमुक परिस्थिती तुम्ही कशी हाताळली’ असे प्रश्न येतात. परिस्थिती, तुम्ही स्वतः केलेली कृती, निष्पत्ती आणि त्यातून घेतलेला धडा, या क्रमाने सात-आठ प्रसंग लिहून, मोठ्याने बोलून तयार ठेवा. ‘आम्ही केलं’ असंच बोलत राहिलात तर तुम्ही काय केलंत ते परीक्षकाला लिहिता येत नाही आणि गुण जातात. निवड झाली नाही तरी राखीव यादीत, म्हणजे रोस्टरवर, नाव असेल तर ते मोलाचं. अचानक निघणाऱ्या जागा त्यातूनच भरतात. आणि एक गोष्ट ठसठशीत: संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत. अर्ज, प्रशिक्षण, व्हिसा, कशाच्याही नावाने शुल्क मागितलं तर ती फसवणूक आहे.

पैशांकडे येऊ, कारण हे आयुष्य मोडतं ते बहुतेकदा इथे. करार कोणत्या प्रकारचा आहे ते पगाराच्या आकड्याआधी पाहा. निश्चित मुदतीच्या नेमणुकीला रजा, विमा, निवृत्तिवेतन असतं. सल्लागाराच्या करारात रोजचा दर मोठा दिसतो, पण आजारपणाची रजा, निवृत्तिवेतन आणि दोन करारांमधले कोरे महिने यांचा भार तुमच्यावर असतो. वर्षाकाठी २२० कामाचे दिवस मिळतील असं धरून हिशेब मांडणारे फसतात. १३० ते १५० धरा, त्यातून विमा आणि निवृत्तीची बचत वजा करा, आणि उरलेलं ते उत्पन्न समजा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निवृत्तिनिधीत कर्मचारी ७.९ टक्के आणि संस्था १५.८ टक्के भरते. पाच वर्षांची वर्गणी पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर स्वतःची वर्गणी व्याजासह परत मिळते, संस्थेचा वाटा मिळत नाही. साडेचार वर्षांवर राजीनामा देताना हा आकडा डोळ्यांसमोर असू द्या. सल्लागार आणि स्वयंसेवक या निधीत येतच नाहीत.

किमान सहा महिन्यांचा खर्च, सहज काढता येईल असा, कायम बाजूला हवा, कारण निधी गोठल्याची बातमी आली की करार महिन्याच्या आत संपू शकतो. कठीण ठिकाणचा भत्ता हा नेहमीच्या खर्चात कधीही मिसळू नका. तो पुढच्या नेमणुकीत नसेल, आणि त्यावर बेतलेलं घरभाडं मात्र असेल. कराचा प्रश्न निघण्याआधी सोडवा: बऱ्याच देशांत वर्षाला १८३ दिवसांचा निकष लागतो, पण सगळीकडे तोच नाही, आणि कायमचं घर किंवा कुटुंब कुठे आहे हेही पाहिलं जातं. एका तासाचा कर सल्लागार इथे पुढची बरीच वर्षं वाचवतो.

तब्येतीची तयारी निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा, कारण काही लसींच्या मात्रांमध्ये अंतर लागतं. पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य होतं, आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी मानलं जातं. उद्याच्या विमानासाठी आज लस घेतली तर सीमेवर अडवलं जाऊ शकतं. रेबीजची आगाऊ लस बरेच जण टाळतात. ती घेतलेली असेल तर कुत्रा चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज उरत नाही, आणि दुर्गम भागात नेमकं तेच मिळत नाही. लसीच्या पुढच्या मात्रा मात्र तरीही घ्याव्या लागतात. मलेरियासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्या आणि परतल्यावरही पूर्ण करा: डॉक्सिसायक्लिन चार आठवडे, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. घरी पोहोचलो म्हणून गोळ्या थांबवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. नंतर वर्षभरात कधीही ताप आला तर कुठून आलात ते डॉक्टरांना सांगा आणि मलेरियाची तपासणी करून घ्या. विम्यात वैद्यकीय स्थलांतर, म्हणजे विमानाने दुसऱ्या देशात नेण्याचा खर्च, आणि युद्धक्षेत्रातली इजा धरली आहे का ते मूळ कागदात वाचा. सामान्य प्रवासविम्यात युद्ध बहुधा वगळलेलं असतं.

संयुक्त राष्ट्रांचं सुरक्षिततेचं बीसेफ हे ऑनलाइन प्रशिक्षण मोफत आहे. धोकादायक ठिकाणी जायचं तर तीन-चार दिवसांचं प्रत्यक्ष प्रशिक्षणही करावं: चौकीवर कसं बोलायचं, गोळीबारात कुठे पडायचं, रक्तस्राव कसा थांबवायचा. रोजचा धोका मात्र रस्त्यावरचा आहे. मागच्या सीटवरही पट्टा लावा, आणि रात्रीचा प्रवास नाकारायला शिका.

थकवा हा सुरक्षिततेइतकाच गंभीर विषय. कठीण ठिकाणी विश्रांतीसाठी देशाबाहेर जाण्याची सोय असते, दर चार, सहा किंवा आठ आठवड्यांनी. ‘काम फार आहे’ म्हणून ती पुढे ढकलणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या फेरीत चिडका होतो, मग चुका करू लागतो, आणि त्या चुकांची किंमत ज्यांच्यासाठी तो आला त्यांना मोजावी लागते. रजा घ्या, आणि निदान अर्धी रजा आपल्या माणसांत घालवा.

कुटुंबाबद्दल बोलणी पहिल्या अर्जाआधी व्हायला हवीत. काही ठिकाणी जोडीदाराला आणि मुलांना नेताच येत नाही. जिथे नेता येतं तिथे जोडीदाराला काम करण्याचा परवाना मिळेलच असं नसतं, आणि एकाचं करिअर दर बदलीला मोडत राहतं. आधीच ठरवून ठेवलेली जोडपी टिकतात: दोन नेमणुका तुझ्या सोयीने, पुढची माझ्या सोयीने, मुलं शाळेच्या वरच्या इयत्तांत गेली की एकाच जागी. आईवडील थकत जाणार, हेही या बोलण्यात हवं. कोण, किती तासांत, कुठल्या पैशांनी पोहोचणार? परत येण्याची जागा म्हणजे स्वतःचं घरच हवं असं नाही. पण एक पत्ता, एक बँक खातं, एक डॉक्टर, पदव्यांच्या साक्षांकित प्रती आणि मृत्युपत्र एका विश्वासू माणसाकडे, एवढं असलंच पाहिजे. आणि जुनी मैत्री आपोआप टिकत नाही. वाढदिवस, लग्नं, आजारपणं यांच्या तारखा कामाच्या तारखांसारख्या नोंदवून पाळाव्या लागतात.

यानंतर येतो तो भाग मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो: आपल्या जाण्याने कुणाचं नुकसान होत नाही ना? पैसे भरून दोन आठवडे अनाथालयात ‘सेवा’ करण्याच्या सहली घेऊ नका. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या पैशांसाठी मुलांना घरातून आणलं जातं. या प्रकाराविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या बालहक्क ठरावात इशारा दिला आहे. ज्या कामासाठी तुमच्या देशात पात्रता लागते, मग ते इंजेक्शन देणं असो की भिंत बांधणं, ते पात्रतेशिवाय परदेशात करू नका. लैंगिक शोषणाविरुद्धचे संयुक्त राष्ट्रांचे २००३ पासूनचे नियम अक्षरशः पाळायचे असतात: १८ वर्षांखालील कुणाशीही लैंगिक संबंध नाही, स्थानिक कायदा काहीही म्हणो; आणि पैसे, नोकरी, मदत यांच्या बदल्यात कुणाशीही नाही. कुणाबद्दल शंका आली तर कळवणं हे कर्तव्य आहे, ऐच्छिक नाही. रोजच्या व्यवहारातही पाहा: शेजारच्या टेबलावरचा स्थानिक सहकारी तेच काम तुमच्या पगाराच्या छोट्याशा भागात करत असतो, तुम्ही गेल्यावरही तिथेच राहणार असतो, आणि धोका त्याला जास्त असतो. बैठकीत त्याला आधी बोलू द्या. अहवालावर त्याचं नाव घाला.

नेमणूक संपवण्याची तयारी शेवटच्या तीन महिन्यांत करा. हँडओव्हर टिपणी सात-आठ पानांची पुरते: चालू करार आणि त्यांच्या संपायच्या तारखा, अडकलेली देणी, पुढच्या साठ दिवसांतल्या अहवालांच्या मुदती, कुठल्या खात्यात कोण काम करून देतं, लोकांना दिलेली कुठली आश्वासनं अजून पुरी व्हायची आहेत, आणि कोणता निर्णय चुकला व का. फायली व्यक्तिगत लॅपटॉपवर न ठेवता कार्यालयाच्या सामायिक जागेत, तारखेनुसार नावं देऊन. बदली माणूस येईपर्यंत पद रिकामं राहणार असेल, आणि बहुधा राहतंच, तर ही टिपणी स्थानिक सहकाऱ्यासोबत बसून त्याच्या भाषेत एकदा वाचून काढा. गावांत स्वतः जाऊन सांगा की आपण जातोय, पुढे कुणाशी बोलायचं, आणि पंपाचा वॉशर झिजला तर तो कुठे आणि कितीला मिळेल.